शेजारच्या विहिरीचं पाणी

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध आचार्यांकडे आला, तो संतापूनच आला. त्याचे नाव श्रीरंग. आचार्यांनी गावच्या शाळेत त्याला गणित शिकवले होते, आणि त्या बळावर तो शहरातल्या एका धनाढ्य व्यापाऱ्याकडे सॉफ्टवेअर लिहीत असे.

हा व्यापारी मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर विके. प्रतिस्पर्ध्याचे त्याहून अधिक खपे. आता शहाण्याने आपला माल सुधारला असता! पण छे. याने श्रीरंगला बोलावून सांगितले, "त्यांची फाइल आपल्याकडे उघडू दे, पण विस्कटून. काना इकडे, मात्रा तिकडे. लोकच म्हणतील, त्यांचा माल भिकार आहे." आणि श्रीरंगने ते निमूटपणे केले.

"मग आता संताप कोणावर?" आचार्यांनी विचारले.

"त्या कुमुदिनीबाईंवर! एका छापखान्यात अक्षरजुळणी करतात. तिथे सॉफ्टवेअर आमचं, आणि गिऱ्हाइकं मजकूर पाठवतात दुसऱ्या कंपनीच्या फाइलमध्ये. गिऱ्हाईक म्हणतं, आमच्याकडे तर नीट दिसतंय. झालं! तक्रारीचे फोन माझ्याकडेच येतात, म्हणून बाईंचा रोज मला फोन. 'दादा, माझ्याच हातून काही भलतं दाबलं जातंय का हो?' काल तर रडल्या. छापखान्याच्या मालकाने त्यांना बजावलंय, या आठवड्यात सुधारलं नाही तर घरी बसा. मी काय करू? डोकं उठवलंय नुसतं!"

आचार्य उठले. शेजाऱ्यांच्या विहिरीवरून त्यांनी तांब्या भरून आणला, श्रीरंगच्या देखत त्यात मूठभर मीठ कालवले आणि तांब्या पुढे केला. "घे. शेजाऱ्यांचं पाणी कसं आहे, सांग."

पहिल्याच घोटाला श्रीरंगचे तोंड वाकडे झाले. "ही काय थट्टा, आचार्य? मीठ तर तुम्हीच टाकलंत!"

"तू पाहिलंस म्हणून म्हणालास. पाहिलं नसतंस, तर आधी विहिरीला नावं ठेवली असतीस. मग सगळं गाव ते पाणी गोड म्हणतंय हे कळल्यावर स्वतःच्या जिभेवर संशय घेतला असतास. अरे, दार लावून घेणारा व्यापारी परवडला. माणूस निदान दुसऱ्या दाराशी जातो. तुम्ही दार उघडं ठेवलंत आणि आत पाणी नासवलंत. ती बाई बिचारी स्वतःला तपासत बसली आहे, आणि तू तिच्यावरच चिडतोस?"

श्रीरंगची मान खाली गेली. तो म्हणाला, "खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

"नाही सांगितलंस तर तिची जाईल," आचार्य म्हणाले.

श्रीरंगने तिथूनच फोन लावला. "बाई, तुमचं काहीही चुकत नाही. त्या फायली आमचं सॉफ्टवेअर मुद्दाम बिघडवतं. ते मीच लिहिलंय."

पलीकडून कुमुदिनीबाई कडाडल्या, "मुद्दाम? अहो, मी चष्मा बदलायला गेले! डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत, तर त्यांच्याशी भांडले! वीस वर्षं हे काम करतेय, आणि मला वाटलं आता माझी अक्कलच गेली! लाजा वाटत नाहीत तुम्हाला?"

श्रीरंगने फोन कानापासून दूर नेला नाही. आचार्यही मध्ये पडले नाहीत. बोलून बोलून बाई दमल्या, तेव्हा म्हणाल्या, "फोन ठेवू नका. मालकांना बोलावते. आता हेच त्यांना सांगा."

"सांगतो," श्रीरंग म्हणाला, आणि मालकांची वाट पाहत बसला.