महाराजांच्या मोटारीचं चाक

महाराजांच्या मोटारीचं चाक निघेना. टायरमधली हवा गेली होती, दुसरं चाक शेजारी तयार होतं, पण जुन्या चाकाचे नट जागचे हलत नव्हते.

यात नटांचा काही दोष नव्हता. आंबेगड संस्थानात मोटार एकच, त्यामुळे खंडेनवमीला तिची पूजा हत्तीच्या इतमामानं होई. पूजा झाली की प्रत्येक मानकऱ्यानं पान्हा हाती घ्यायचा आणि एकेका नटाला आपला पीळ द्यायचा, असा रिवाज महाराजांनीच पाडला होता. सरनोबतांनी आवळलं. किल्लेदारांनी त्यांच्याहून जास्त जोर लावला. मागून आलेल्यांनीही काही कसर ठेवली नाही. मानाची गोष्ट म्हटल्यावर हात राखतो कोण?

शिदोजी ड्रायव्हरनं पान्हा लावला, तशी सरनोबतांची भुवई चढली.

"माझा पीळ तू सोडवणार?"

"मग आपणच सोडवा, सरकार."

"त्यावर किल्लेदारांचा पीळ आहे. तो मी सोडवला तर ते उद्या माझ्या दारात तलवार घेऊन उभे राहतील."

किल्लेदारांनी मान हलवली. ते नक्की उभे राहिले असते.

प्रकरण महाराजांपुढे गेलं. उदाजीराव महाराज मनानं चांगले, अंगानं भरभक्कम, आणि एकदा शब्द गेला की तो मागं घेण्याची त्यांच्याकडे सोय नव्हती.

"मानकऱ्यांचा मान राहिलाच पाहिजे," ते म्हणाले. "त्यांच्याहून खालच्या कुणाचा हात त्या पान्ह्याला जोर लावणार नाही."

"त्यांच्या वर तर महाराजच," शिदोजी चाचरत म्हणाला.

"राजाचा हात तलवारीला. पान्ह्याला नव्हे."

"मग पायानं..."

"पूजलेल्या हत्याराला पाय?" दिवाणजींनी कानांवर हात ठेवले.

महाराज उठले. "उद्या शेजारचे राजेसाहेब मोटार बघायला येताहेत. आज दिवस मावळायच्या आत चाक बदललं नाही, तर शिदोजी, बिऱ्हाड उचल आणि संस्थानाबाहेर हो."

शिदोजी घरी येऊन भांडी गोणीत भरू लागला. त्याची मुलगी भिवरा तिथंच वाकळ शिवत बसली होती. तिला बापाची दया आली आणि भयंकर रागही आला. या घराच्या भिंती तिनं आणि तिच्या आईनं स्वतः लिंपल्या होत्या. आई गेली तीही याच घरात. दुसऱ्यांनी नट आवळायचे आणि आपण घर सोडायचं?

"बा, महाराज नेमकं काय म्हणालं?"

"हात नको म्हणालं. पाय नको म्हणालं."

"आनि काय नको म्हणालं?"

"आनि काय असतंय मानसाला?" बाप करवादला.

भिवरा सुई बाजूला ठेवून उठली.

वाड्यापुढं मोटारीशेजारी पूजेच्या मांडवाचा एक पोकळ लोखंडी खांब पडून होता. तिनं बापाला पान्हा नटावर नीट बसवायला लावलं आणि तो लांबलचक खांब पान्ह्याच्या दांड्यावर चढवला. खांबाचं दुसरं टोक कमरेएवढं वर राहिलं. त्यावर तिनं एक पाट करकचून बांधला, पाटावर वाड्यातली मखमली गादी घातली आणि महाराजांना निरोप पाठवला.

महाराज आले. मागोमाग सगळे मानकरी आले.

"महाराज, आसन तयार हाय," भिवरा म्हणाली. "बसावं."

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. "बसू नये असा काही रिवाज?"

दिवाणजींनी बराच विचार केला. "बसण्याला हरकत घेणारा रिवाज नाही, महाराज. बसणं हे तर आपलं कामच."

दोन हुजऱ्यांनी आधार दिला. महाराजांनी पाटावर ऐसपैस मांडी घातली आणि हुजरे बाजूला झाले. नट करकरला. मग कडाड असा आवाज झाला आणि आंबेगडचे अधिपती गादीसकट सावकाश, पण न थांबता, जमिनीला टेकले.

महाराज तिथंच मांडी घालून होते. डोक्यावरचा मंदिल एका कानावर आला होता.

"राजाला धुळीत बसवलंस," ते म्हणाले. "शिक्षा काय, ठाऊक आहे?"

भिवरानं मान खाली घातली नाही. "शिक्षा खुशाल द्यावी, महाराज. पर नट एवढा घट्ट नसता, तर आपल्याला बसायला लागलंच नसतं. आता कोनी घट्ट आवळलं, कोनी हलकं, ते मला बाईमानसाला काय कळनार? ज्येचा पीळ समद्यात जबर, त्येला पयली शिक्षा द्यावी, मागनं मला."

महाराजांची नजर मानकऱ्यांवरून फिरली.

"माझा हात त्या दिवशी दुखत होता," सरनोबत घाईघाईनं म्हणाले.

"मी तर पान्ह्याला नुसतं बोट लावलं," किल्लेदार म्हणाले.

बाकीच्यांनी तर आवळलंच नव्हतं. एकानं पूजेला आलोच नव्हतो असंही सांगितलं.

महाराजांचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग ते धुळीतच बसून असे हसले की वाड्यातली माणसं सज्जात धावली. डोळे पुसत त्यांनी गळ्यातला कंठा काढून भिवराच्या हातात दिला. "तुम्ही राहता ते घर तुझं. तुझ्या बापाला तिथून कुणी उठवणार नाही, मीसुद्धा नाही."

मग त्यांनी उठायला हुजऱ्यांपुढे हात केला.

"शिदोजी, पान्हा पुढच्या नटाला लाव," महाराज म्हणाले. "मी बसतो."