हाकेचा माथा

तांबेघोलच्या घाटमाथ्यावर, कोकणात उतरणारी पायवाट जिथे सुरू होते, तिथे एक दगडी पाणपोई आहे. तिथे दम खात बसलेल्या पाहुण्यांना गावची म्हातारी माणसे सांगतात, की या गावात पुढारी निवडायचा तर त्याचा खांदा बघतात, घागरीने घट्टा पडलाय का ते. भाषण ठोकणाऱ्याला इथे कुणी हिंग लावून विचारत नाही.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. पाटील वारले आणि त्यांचा फेटा एकुलत्या एका लेकाला, रायाजीला, बांधायचे ठरले. तेव्हा त्याची आई भागूबाई भर चावडीत म्हणाली, "आदी एक उन्हाळा माथ्यावर वाटसरूंना पानी पाज. मग फेटा."

रायाजी लालबुंद झाला. "पाटलाच्या पोरानं कुनाच्याबी वंजळीत पानी वतायचं व्हय?" असे म्हणून तो तडक घाट उतरला, तो गेलाच.

आपण बोललो ते खरे, पण चार लोकांत बोलायला नको होते, हे भागूबाईला उशिरा कळले. फेटा तिने पेटीत ठेवला आणि स्वतःच घागर उचलून खालच्या झऱ्यावरून माथ्यावर पाणी वाहू लागली. लेक तहानलेला याच वाटेने परतेल, एवढीच आशा. खालून कुणाचे मुंडासे दिसले की तिचा जीव कासावीस होई. म्हातारीची चढण बघून गावच्या तरण्या पोरापोरींना लाज वाटली आणि त्यांनी घागरी आपल्या खांद्यांवर घेतल्या. ती त्यांना शिकवी, की जात विचारायची नाही, मागे राहिलेल्याला आधी पाजायचे, आपण शेवटी प्यायचे.

अशी वर्षे गेली. गाव धन्याविना किती दिवस राहणार? घरे आपसात भांडू लागली, सगळे पेटीतला फेटा मागू लागले. भागूबाई म्हणे, "थांबा, येईल माझा लेक."

एका वैशाखात माथ्यावरचे पाणी संपले. घागरी वाहणाऱ्या पोरांतल्या सुभाना धनगराने आपल्या वाटणीचा घोट एका हमालाला दिला आणि कोरड्या घशाने, कुणी न सांगता, घागर घेऊन पुन्हा झऱ्याकडे उतरला. मागोमाग सारी पोरे उतरली. ते बघून भागूबाईला आनंद झाला आणि रडूही आले. हे माझ्या रायाजीने करायला हवे होते, असे तिला वाटले.

तिने पेटी उघडली. फेटा घेऊन ती कड्यावर गेली आणि दरीत हाक मारली, "रायाजीऽ, येतोस का रं?" हाक विरेपर्यंत ती थांबली. मग तिने सुभानाला फेटा बांधला, असे सांगतात.

आजही नव्या पुढाऱ्याला फेटा बांधण्याआधी गावातली सर्वांत थोरली बाई कड्यावरून रायाजीला हाक मारते. उत्तर येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ज्याच्या डोक्यावर फेटा चढायचा असतो, तोच सगळ्यांत जास्त कान देऊन उभा असतो.