जेडचा सिकाडा

फार जुन्या काळी चीन देशात एक वृद्ध कारागीर राहत. जेड नावाच्या हिरवट, कठीण दगडातून ते बोटभर वाघ, झोपलेली बदके, नाचणाऱ्या स्त्रिया घडवीत. त्या देशी एक प्रथा होती. माणूस मरण पावला की त्याच्या जिभेवर जेडमध्ये कोरलेला सिकाडा नावाचा किडा ठेवत. हा किडा वर्षानुवर्षे जमिनीखाली राहून एके दिवशी वर येतो आणि त्याला पंख फुटतात. मृतात्म्याचेही तसेच व्हावे, ही श्रद्धा.

पुढे ते वृद्ध आजारी पडले. आपल्या शिष्याला बोलावून म्हणाले, "माझा सिकाडा तूच घडव."

किडा पूर्ण झाला की गुरुजी जाणार, या भयाने शिष्याच्या मनात घर केले. तो ओल्या वाळूने दगड घासल्यासारखे करी, घासत मात्र नसे. गुरूंनी विचारले की म्हणे, "बरेच बाकी आहे, गुरुजी." आतून खोकला ऐकू आला की त्याचा हात थांबे, खोकला थांबला की तो कान देऊन ऐकत राही. हळूहळू तो त्यांच्यासमोर जाणेच टाळू लागला. आजाऱ्याच्या घरी आपणही असेच वागतो. नको तो विषय टाळायला जातो आणि माणसालाच टाळतो.

एका दुपारी तो काढा घेऊन आत गेला, तर गुरू डोळे मिटून, छातीवर हात ठेवून निश्चल पडलेले. ओठांतून अर्धवट घडवलेल्या किड्याची कड दिसत होती. काढ्याचे भांडे त्याच्या हातून निसटले.

गुरूंनी डोळे उघडले. किडा तोंडातून काढून ते म्हणाले, "तुझ्या बाकावरून मीच उचलून आणला. डाव्या बाजूला टोचतो."

शिष्य रडू लागला.

"भीती मलाही वाटते, बाळा," गुरू म्हणाले. "पण मृत्यू काही या किड्यासाठी खोळंबलेला नाही. दगड अपुरा ठेवून तू माझा एक दिवसही वाढवला नाहीस. ज्या दिवसांत मी तुला शिकवले असते, ते मात्र आपण गमावले. आज टोचले तर मी सांगू शकतो. नंतर कोण सांगणार?"

शिष्याने डोळे पुसले. आपले बाक त्याने गुरूंच्या बिछान्याजवळ ओढून आणले आणि प्रथमच विचारले, "गुरुजी, पंखांच्या रेघा कशा काढायच्या?"

पानगळीच्या दिवसांत गुरू गेले. शिष्याची भीती गेली नव्हती. गुरूंच्या जिभेवर ठेवण्यापूर्वी त्याने तो किडा क्षणभर स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला. कुठेही टोचत नव्हता.