काळ्या पाण्याचं रान

एका राज्यात काळ्या पाण्याचं रान होतं. पाणी काढ्यासारखं, आणि तळाशी कैक पिढ्यांची पानं न कुजता निजलेली. तीच तिथली भुई. तिच्यावर पाणमांजरं, धनेश पक्षी आणि पाणकुळीची माणसं एकमेकांचा मान राखून नांदत. पाणकुळीची सावरी ही राजा पद्मकेतूची दाई. तिच्या अंगाखांद्यावर तो वाढला, गादीवर बसला आणि शहाण्यांच्या नादी लागला.

प्रधान म्हणाला, "रान सुकवावं, भात पिकवावा." झालं! पाट खणले, पाणी नदीला सोडलं, पाणकुळीला बाहेर काढलं. निघताना ती माणसं रिवाजाप्रमाणे रानाला म्हणाली, "येतो आम्ही."

प्रधानाचे कान टवकारले. "महाराज, 'येतो' म्हणजे हक्क राखून ठेवणं. यांना 'जातो' म्हणायला लावा."

राजाने मान डोलावली. असं अभद्र कोण बोलणार? कुणाची जीभ उचलेना. शिपायांनी पोरांवर चाबूक उगारले, तेव्हा सावरीच म्हणाली, "जाते."

त्या शब्दासरशी पाणमांजरं गेली, धनेश उडाले आणि सुकलेल्या भुईने आतून पेट घेतला. वर ज्वाळा नाही, खाली विझणं नाही. भात कुठला, धूर पिकला! आग जमिनीखालून सरकत नगराच्या वेशीशी आली. लेकरं खोकून बेजार झाली. राजाला आपली चूक कळली, पण फार उशिरा.

तेव्हा एक म्हातारा धनेश राजवाड्याच्या कळसावर बसून बोलला, "राजा, तीन कामं कर. पाट स्वतःच्या हातांनी बुजव. रानाची राखण पाणकुळीला दे. तिथे तुझा हुकूम चालायचा नाही. आणि जी 'जाते' म्हणाली, तिच्या तोंडी 'येते' येऊ दे. पण तो शब्द तिच्याकडे मागू नकोस."

राजाने मुकुट उतरवला, कुदळ घेतली. हातांना फोड आले, पण पाट बुजले, तोंडांशी बांध उभे राहिले. मग भर दरबारात त्याने रानावरची आपली मुद्रा फोडली आणि राखण पाणकुळीला दिली. प्रधान तडक तीर्थयात्रेला निघाला आणि तिकडेच रमला.

सावरी दूर खडकाळ माळावर राहत होती. राजा तिच्या दारात बसला.

"आई, मी रान मारलं. आता पाणी अडवलंय."

"कुठवर चढलं?"

"घोट्याएवढं."

"बांधाला माती कुठली घातलीस?"

"नदीकाठची वाळू."

"अरे देवा! वाळू कधी पाणी धरते का?" म्हातारी ताडकन उठली. सुनांना हाका मारल्या, पदर खोचला आणि धुराकडे तोंड करून ओरडली, "धीर धर गं भुई, येते! येते!"

रानात आग विझली. पाणकुळीने बांध चिकणमातीने नव्याने रचले, पाणी चढलं, पाणमांजरं परतली. नगराने मोकळा श्वास घेतला.

राजाने काठावरून विचारलं, "आई, आत येऊ?"

"नको रे. भुई पोकळ झाली आहे. तुझा पाय पेलायची नाही."

"कधी पेलेल?"

"पानावर पान पडायला हवं. तुझ्या पणतवंडांनी विचारावं."

शाप सरला, घडी बसली, प्रजा सुखाने जेवू लागली. राजा मात्र उरलेलं आयुष्य बांध लिंपत राहिला. आतून पाणमांजराची पिल्लं ओरडली, की तो तोंड फिरवून रडे.