थोरलीची झोप

फार मागं, बर्फाच्या डोंगरात एक बाग होती. तिथं थंडी अशी, की माणसांच्या सावल्या जमिनीला चिकटायच्या आणि खरवडून घरी न्याव्या लागायच्या.

बागेत गुलाबाची दोन झुडपं होती, बहिणी-बहिणी: थोरली आणि धाकटी. सुकलेलं फूल कापलं की नवी कळी यायची, म्हणून कात्री अख्खा उन्हाळा फिरत राहिली. थंडी तोंडावर आली, तरी थांबेना.

"थोरल्या बाई, आणखी एक बहर होऊ दे," कात्री म्हणाली.

"नको गं. अंगात त्राण नाही," थोरली म्हणाली. "सुकलेली फुलं राहू देत. त्यांची फळं झाली, की आम्हाला झोप लागते. जागी राहिले, तर बर्फ मला खाईल."

"तुम्हाला कारणं बरी सुचतात. धाकटी बघा, कशी हसत देते."

थोरलीनं सुकलेली फुलं काट्यांआड ओढली आणि डोळे मिटले. धाकटी कोवळ्या कळ्या देत राहिली.

बर्फ वितळल्यावर कात्री आली. धाकटी मुळापर्यंत काळी पडली होती. तिला छाटता छाटता कात्री हळहळली, "फार गुणाची होती. कधी नाही म्हणाली नाही."

मग तिनं थोरलीला हाक मारली. थोरलीला कोंब फुटले होते, पण तिनं अजून झोपेत असल्याचं सोंग घेतलं.