क्रॅनबेरीचा रस आणि बांगड्यांची टोपली

"मग माझ्या औषधात खोट कुठे राहिली, तेवढं सांगा आई."

सुलभाने लाल रसाची बाटली तान्हाईच्या पुढ्यात ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

बारा वर्षं तिने झाडपाल्याचं औषध देणाऱ्या तान्हाईच्या हाताखाली, तिच्या मठीत मुळ्या कुटल्या होत्या. मग पुण्याला जाऊन निसर्गोपचाराचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि ही बाटली घेऊन आली. क्रॅनबेरी. परदेशातलं आंबट फळ. बायकांना लघवीला आग होते, उन्हाळी लागते, त्यावर ती हा रस द्यायची. गावात तिला वैद्यबाई म्हणू लागले होते. तिला ते आवडायचं. का आवडू नये?

पण जैतुनबी बांगडीवाली आज तिसऱ्यांदा आली होती. ओसरीवर घोंगडी पांघरून कुडकुडत होती.

"रस रोज घेतलास ना गं?" सुलभाने विचारलं.

"घेतला की. इमानाने."

"आई, मी मात्रा दुप्पट करते."

तान्हाई पुढे सरकली. तिने जैतुनबीच्या कपाळाला हात लावला. मग पाठीला, बरगडीखाली. जैतुनबी कळवळली.

"ताप कधीपासून?"

"परवापासून."

"हे आता हिच्या रसाचं काम नाही, नि माझ्या धण्याच्या पाण्याचंही नाही. तालुक्याला डॉक्टरकडे जायचं. आत्ता."

जैतुनबी ताडकन उठून बसली. "आज? नागपंचमीचा बाजार आहे आज! वर्षाच्या बांगड्या आज खपतात. टोपलीवर कोण बसणार, तुम्ही?"

"सुलभा बसेल."

सुलभाच्या कपाळाला आठी पडली. वैद्यबाईने बाजारात बांगड्या भरायच्या?

तान्हाईने बाटली उघडली. मोठा पेला काठोकाठ भरला.

"पी."

"मला काय धाड भरलीय?"

"चांगलं आहे म्हणतेस ना? पी."

सुलभा हट्टाने प्यायली. तान्हाईने वर तांब्याभर पाणी पुढे केलं. तेही प्यायली.

जैतुनबीला तिच्या नणंदेबरोबर जीपमध्ये बसवलं, आणि सुलभा टोपलीवर जाऊन बसली.

दुपार व्हायच्या आतच तिने शेजारच्या भाजीवाल्या पुतळाबाईच्या कानाला तोंड लावलं.

"मावशी, जायचं कुठे?"

"कुठं म्हंजे?"

"अहो... जायचं."

पुतळाबाई मेथीची जुडी तोंडावर धरून हसली. "अगं बया! बाजारच्या दिवशी पाणी पिऊन आलीस? वैद्यबाई ना तू? आम्ही पहाटेपासून घोट घेत नाही. जैतुन तर आदल्या सांजेपासनंच बंद करती."

"आणि लागलीच तर?"

"मांडी आवळायची नि भाव सांगायचा."

एक नवी नवरी हात पुढे करून बसली. सुलभाच्या हातून दोन बांगड्या पिचल्या. ऊन हलेना. समोर भिंतीशी पुरुष येत होते, उभे राहत होते, जात होते.

बाजार उठायच्या सुमाराला जीपवाला निरोप घेऊन आला. जैतुनबीला दाखल करून घेतलंय, सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस काढले असते तर मूत्रपिंडच निकामी झालं असतं.

सुलभा मठीत आली ती थेट परसाकडे धावली. परतली तेव्हा सावकाश आली. रोजच्या जागी बसली नाही, उंबऱ्याशी बसली.

तान्हाई धणे निवडत होती.

"आई... मी तिला आग विचारली. रंग विचारला. वास विचारला."

तान्हाईने आणखी मूठभर धणे पुढे ओढले.

"पाणी पितेस का, एवढंच नाही विचारलं."

"विचारलं असतंस तर?"

"पीत जा म्हणाले असते."

"आणि ती?"

सुलभाला बाजारातली ती समोरची भिंत आठवली. ती म्हणाली, "नसती प्यायली."

धण्यातला खडा तान्हाईने अंगणात भिरकावला.

"उद्याच पंचायतीत अर्ज देते," सुलभा उसळून म्हणाली. "बाजारात बायकांसाठी संडास बांधा म्हणून. असा मुद्देसूद लिहिते की बस!"

"मीही दिलेत. तीन."

"मग करू काय?"

"पुढच्या बाजाराला सरपंचबाईंना बोलव. जैतुनच्या शेजारी मानाने बसव..."

"आणि?"

"ताक पाज. तांब्याने."