मूठभर जुने गवत

राजवाड्यात उंदीर पाळले तरी कोणी नाक मुरडत नसे, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट आहे.

एका छोट्या राज्याच्या राजकन्येजवळ तीन पांढरे उंदीर होते. बत्तासा, कुरमुरा आणि फुटाणा. राजकन्या फार कमी बोलायची. जे काही बोलायचे ते या तिघांशीच, आणि तेही हळू.

पिंजरा दरबाराला लागून असलेल्या दालनात होता. एकदा परराज्याचा वकील आला आणि बोलता बोलता त्याने नाकाला शेला लावला. राजाला तो अपमान वाटला.

"आठ दिवसांत हा वास गेला पाहिजे," राजा म्हणाला. "नाही गेला, तर उंदीर नदीपलीकडच्या रानात सोडायचे."

त्या रानात मुंगसे होती. राजकन्येचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही.

प्रधान मात्र पुढे झाले. सुधारणा हा त्यांचा आवडता शब्द होता. "महाराज, पिंजऱ्यात अशी सुधारणा करतो, की लोक वास घ्यायला लांबून येतील."

त्यांनी पिंजऱ्यातले सगळे गवत फेकले, काड्या आणि चिंध्या जाळल्या, फळी रिठ्याने घासली आणि वर गुलाबपाणी शिंपडले. मग उंदरांना आत सोडले.

"हे कोणाचे घर?" बत्ताशाने विचारले.

"आपले नाही," कुरमुरा म्हणाला. "आपल्या घराला आपला वास होता."

"मग करू या आपले," फुटाणा म्हणाला, आणि तिघांनी कोपऱ्याकोपऱ्यात खूण केली. उंदरांची खूण डोळ्यांना दिसत नाही. ती नाकाला कळते.

दुसऱ्या दिवशी प्रधानांनी पुन्हा सगळे धुऊन अत्तर लावले. उंदरांनी पुन्हा खूण केली, जरा जास्त. तिसऱ्या दिवशी चांदीचा झोपाळा आला. चौथ्या दिवशी आरसा आला.

"शेजारी राहायला आले वाटते," आरशाकडे बघत कुरमुरा म्हणाला.

"त्यांनाही कळू दे घर कोणाचे ते," फुटाणा म्हणाला.

सहाव्या दिवसापर्यंत चोपदार आपली लांबलचक ललकारी एका श्वासात संपवू लागले होते.

राजकन्या हे सगळे बघत होती. पहिल्या दिवशी थोडे जुने गवत तिच्या ओच्यात अडकले होते. ते तिने मांडीवर पसरले, की तिघेही उंदीर त्यावर निवांत झोपत आणि कुठे खूण करत नसत. तिने धीर करून प्रधानांना सांगितले, "काका, थोडे जुने गवत राहू द्या ना."

"ताईसाहेब," प्रधान हसून म्हणाले, "सुधारणा अर्धवट करत नसतात."

सातव्या दिवशी राजकन्या पुन्हा त्यांच्याकडे गेली. "काका, आबासाहेबांच्या उशीलाही वास येतो."

हे खरे होते. ती उशी बारा वर्षांची होती आणि भाकरीसारखी चपटी झाली होती. तिला राजाच्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा, आणि राजा रोज तिच्यावरच वामकुक्षी घ्यायचा. प्रधानांचे डोळे चमकले. त्यांनी उशीतला जुना कापूस उपसून काढला, नवा भरला, नवी खोळ घातली, अत्तर लावले. फेकलेल्या कापसातला मूठभर राजकन्येने उचलून ठेवला.

आठव्या दिवशी जेवण झाल्यावर राजा आडवा झाला. डाव्या कुशीवर वळला, मग उजव्या कुशीवर, मग उठून बसला. "ही उशी कोणाची?"

"आपलीच, महाराज," प्रधान म्हणाले. "सुधारलेली."

"ही माझी नव्हे. माझ्या उशीला..." राजा थांबला.

"उशीला काय, महाराज?"

"वास होता," राजा लहान आवाजात म्हणाला.

दाराशी राजकन्या पिंजरा घेऊन उभी होती. तिचे कान लाल झाले होते, पण या वेळी शब्द बाहेर आला. "आबासाहेब, बत्तासाही आठ दिवस हेच सांगतो आहे."

तिने उशीची शिवण थोडी उसवली आणि मूठभर जुना कापूस आत सरकवला. राजाने डोके टेकले. त्याचा चेहरा सैल झाला.

"हे उंदीर रानात सोडायचे..." राजा म्हणाला आणि घोरू लागला.

आता सोडायचे की नाही, हे कोणालाच कळेना. झोपलेल्या राजाला उठवणार कोण? प्रधान एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिले. राजकन्या पिंजरा छातीशी धरून उभी राहिली. घटकाभराने राजाने डोळे उघडले.

"...नाहीत," तो म्हणाला. "आणि तो आरसा प्रधानांच्या घरी पाठवा."

तेव्हापासून पिंजरा राजकन्या सांगेल तसा झाडला जाई. ओले गवत काढायचे, फळी धुवायची, आणि कोरड्या जुन्या गवतातले मूठभर परत ठेवायचे. चार दिवसांत वास गेला. झोपाळा तेवढा राहिला, कारण फुटाणा त्यावरून उतरायला तयार नव्हता. झाडण्याचे काम प्रधानांकडेच होते. ते रोज हात घालण्याआधी वाकून विचारत, "ताईसाहेब, आज यातले काय ठेवू?"

बोध: दुसऱ्याचे घर सुधारायला घेण्याआधी, त्यातले काय राहू द्यायचे ते तिथे राहणाऱ्यालाच विचारावे.